पोत्यातले सिमेंट बदलले; आगीचे काय?

सिमेंटच्या पोत्यावरील कंपनीचे नाव आणि रंगीत चित्र वर्षानुवर्षे तेच राहिले, तरी पोत्यातील माल गेल्या दोन-तीन दशकांत बराच बदलला आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा किंवा कळंब येथील दुकानात आज मिळणारे सिमेंट बहुतांशी 'पोर्टलँड पोझोलाना' प्रकारचे असते. भारतीय मानकानुसार त्यात १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत औष्णिक वीज केंद्रातील राख मिसळलेली असते. पोलादभट्टीतील मळी, म्हणजे स्लॅग, मिसळलेल्या सिमेंटात तर हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. २०२० मध्ये भारतीय मानक ब्युरोने, ज्यात पारंपरिक सिमेंट जवळजवळ नसतेच अशा अल्कली-सक्रिय काँक्रीटच्या कारखान्यात घडवलेल्या वस्तूंसाठी मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये भाजलेली चिकणमाती व चुनखडी यांच्या मिश्रणातून तयार होणाऱ्या 'एलसी३' सिमेंटचेही मानक आले.

या बदलामागे सबळ कारण आहे. जगातील एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे सात ते आठ टक्के वाटा एकट्या सिमेंट उद्योगाचा आहे. चुनखडी १,४५० अंश सेल्सियसपर्यंत भाजून क्लिंकर तयार करताना जळणाचा धूर होतो तो वेगळाच. त्याहून अधिक वायू खुद्द चुनखडीतून बाहेर पडतो. क्लिंकर जितके कमी, तितके प्रदूषण कमी. साहजिकच पर्यायी बंधकांचा, म्हणजे खडी-वाळूला बांधून ठेवणाऱ्या नव्या द्रव्यांचा, पुरस्कार जगभर सुरू आहे आणि तो योग्यच आहे. तथापि, या चर्चेत एक प्रश्न मागे पडतो. ही नवी बंधके आगीत, भट्टीत, प्रखर उष्णतेत किती टिकतात? 'अग्निरोधक', 'हजार अंशांना न जुमानणारे' अशी विशेषणे जाहिरातींत सढळपणे वापरली जातात. प्रयोगशाळांतील निष्कर्ष मात्र अधिक गुंतागुंतीचे आहेत, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्याने ते समजून घेणे विशेष गरजेचे आहे.

भूकंपाने शिकवलेले

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील बावन्न गावे जमीनदोस्त केली. सरकारी नोंदीनुसार ७,९२८ जणांचा बळी गेला. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार हे बहुतेक मृत्यूंचे कारण ठरले. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवण्यात आला आणि या भागात सिमेंटचे घर हा सुरक्षिततेचा समानार्थी शब्द बनला. माती आणि दगड म्हणजे मृत्यू, सिमेंट आणि सळई म्हणजे जीवित, असे समीकरण एका पिढीच्या मनात पक्के झाले.

हे समीकरण चुकीचे नव्हते, पण ते एकाच संकटापुरते होते. जमीन हादरली तर घर टिकेल का, एवढाच प्रश्न त्यात विचारलेला होता. आग लागली तर काय, हा प्रश्न विचारण्याची तेव्हा कोणाला सवडही नव्हती. पुढील तीस वर्षांत जिल्ह्याची घडण बदलली. शहरांत बहुमजली इमारती, रुग्णालये, मंगल कार्यालये, खाली दुकान-गोदाम आणि वर बिऱ्हाड अशा वास्तू उभ्या राहिल्या. शेजारच्या सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला १८ मे २०२५ रोजी लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. राहणे आणि कारखाना एकाच छपराखाली असले की आगीचे स्वरूप किती भीषण होते, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. धाराशिव जिल्ह्यातच वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाकानिर्मितीसाठी प्रसिद्ध आहे आणि तेथील कारखान्यांत स्फोट व आगीच्या घटना वारंवार घडल्या आहेत.

आगीत माणसे दगावतात ती बहुतांशी धुराने, इमारत कोसळून नव्हे, हे खरे. मग बंधकाची चर्चा कशासाठी? इमारतीचा सांगाडा जितका वेळ उभा राहील तितका वेळ अडकलेल्यांना बाहेर पडायला आणि अग्निशमन दलाला आत शिरायला मिळतो. जेथे नगरपालिकेकडे मोजकेच बंब असतात आणि पुढचा बंब दुसऱ्या गावाहून यावा लागतो, तेथे एकेका मिनिटाचे मोल महानगरापेक्षा अधिक असते.

सिमेंट तापते तेव्हा

प्रमाणित चाचणीत आगीचे तापमान अर्ध्या तासात सुमारे ८४० अंश, एका तासात सुमारे ९४५ अंश आणि दोन तासांत सुमारे १,०५० अंशांपर्यंत जाते असे धरले जाते. काँक्रीट उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे ही धग आतपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. हाच काँक्रीटचा मोठा गुण. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेली आग चौथ्या मजल्यावरून वरच्या मजल्यांवर पसरली, पाच जणांचा जीव गेला, कागदपत्रांची राख झाली. तरीही इमारतीचा सांगाडा उभा राहिला आणि दुरुस्तीनंतर ती पुन्हा वापरात आली.

असे असले तरी काँक्रीट अविनाशी नाही. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये पाणी निरनिराळ्या रूपांत बांधलेले असते. शंभर अंशांच्या आसपास मोकळे पाणी वाफ होऊन निघून जाते. त्यानंतर सिमेंटचा मुख्य चिकट घटक हळूहळू पाणी गमावून आक्रसू लागतो. साधारण ४०० ते ५०० अंशांच्या टप्प्यात खरा आघात होतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जो चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार झालेला असतो, तो या तापमानाला पाणी सोडून कळीचा चुना बनतो. ५७३ अंशांना वाळू-खडीतील गारगोटीचे स्फटिक रूप बदलून फुगतात. सुमारे ६०० ते ८०० अंशांच्या दरम्यान चुनखडीचे घटक विघटित होतात. दरम्यान आतील सळईची ताकद ५५०-६०० अंशांच्या सुमारास जवळपास निम्म्यावर आलेली असते.

यातील कळीच्या चुन्याचा भाग सर्वांत फसवा आहे. जुन्या गवंड्यांना कळीचा चुना ठाऊक होता. पाणी टाकताच तो उकळतो, फुगतो आणि फुटतो. आगीत तापलेल्या काँक्रीटमध्ये नेमका हाच चुना दडलेला असतो. बंबाचे पाणी पडले किंवा पुढील काही दिवसांत हवेतील ओलावा लागला, की तो फुगू लागतो आणि आधीच कमजोर झालेल्या काँक्रीटमध्ये भेगा पाडतो. म्हणूनच आगीतून वाचलेली तुळई त्या रात्री तग धरते आणि आठवड्याभराने अधिक दुबळी निघते. आग विझल्यावर दुसऱ्याच दिवशी सामान आणायला आत शिरणे धोक्याचे असते, ते या कारणाने.

राख आणि मळी

मिश्र सिमेंटांचा फायदा येथेच सुरू होतो. राख किंवा स्लॅग हा मोकळा चुना खाऊन टाकतो व त्यापासून चिकट घटकच अधिक तयार करतो. चुना कमी, म्हणून ४००-५०० अंशांना होणारे विघटन कमी आणि विझल्यानंतरची फूगही कमी. शिवाय २०० ते ३०० अंशांपर्यंतच्या उष्णतेत राखेचे न मुरलेले कण आतल्या वाफेच्या साहाय्याने मुरतात आणि काही मिश्रणांची ताकद तात्पुरती वाढलेलीही आढळते. याचा अर्थ, आज दुकानात मिळणारे राखमिश्रित सिमेंट आगीच्या दृष्टीने साध्या सिमेंटपेक्षा डावे नाही. मध्यम तापमानाला ते काहीसे उजवेच ठरते. राख म्हणजे भेसळ, ही समजूत आजही अनेक घरमालकांच्या मनात घट्ट आहे. निदान उष्णतेच्या बाबतीत तिला आधार नाही.

तथापि, बारीक कणांनी काँक्रीट अधिक घट्ट, अधिक अच्छिद्र होते आणि हा गुणच आगीत दोष ठरू शकतो. आतील पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट सापडत नाही, दाब वाढत जातो आणि पृष्ठभागाचे ढलपे स्फोटासारखा आवाज करीत उडू लागतात. ढलपे उडाले की सळई उघडी पडते आणि तिचा बचाव करणारे कव्हरच नाहीसे होते. इंग्लंड-फ्रान्सला जोडणाऱ्या समुद्राखालील बोगद्यात १८ नोव्हेंबर १९९६ रोजी आग लागली तेव्हा उच्च प्रतीच्या घट्ट काँक्रीटच्या अस्तराची जाडी काही ठिकाणी अशीच झडून गेली होती. काँक्रीट जितके मजबूत तितके आगीत सुरक्षित, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. यावरचा उपाय मात्र स्वस्त आहे. काँक्रीटमध्ये प्रत्येक घनमीटरमागे साधारण दोन किलो पॉलिप्रॉपिलीनचे बारीक धागे मिसळले, तर ते १६५ अंशांच्या आसपास वितळतात आणि वाफेला निसटण्यासाठी सूक्ष्म वाटा मोकळ्या होतात.

जिओपॉलिमरचा दावा

पर्यायी बंधकांत उष्णतेच्या संदर्भात सर्वाधिक गाजलेले नाव जिओपॉलिमरचे. त्याचा उगमच आगीतून झाला. १ नोव्हेंबर १९७० रोजी फ्रान्समधील सेंट लॉरेन्त द्यु पाँ येथील नृत्यगृहाला आग लागून १४६ जण मृत्युमुखी पडले. अशा आगींनंतर जोसेफ डेव्हिडोविट्स या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने न जळणाऱ्या खनिज पदार्थांचा शोध सुरू केला आणि पुढे सत्तरच्या दशकात 'जिओपॉलिमर' हा शब्द रूढ केला. त्याआधी १९५० च्या दशकातच सोव्हिएत युक्रेनमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी स्लॅग आणि अल्कली यांपासून सिमेंटविना काँक्रीट बनवून दाखवले होते.

तत्त्व सोपे आहे. राख किंवा भाजलेली चिकणमाती यांतील सिलिका व अॅल्युमिना यांना कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटच्या द्रावणाने सक्रिय केले, की दगडासारखे कठीण जाळे तयार होते. या जाळ्यात चुना जवळजवळ नसतो आणि बांधलेले पाणीही थोडेच असते. म्हणजे उष्णतेत साध्या सिमेंटला ज्या दोन गोष्टी मारतात, त्या दोन्ही येथे जवळपास नाहीत. ऑस्ट्रेलियातील टूवुम्बा येथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या विमानतळाच्या फरसबंदीत या काँक्रीटचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला, त्यामुळे ते आता केवळ प्रयोगशाळेतील कुतूहल राहिलेले नाही.

मग अडचण कोठे आहे? मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात डॅनिएल काँग आणि जे संजयन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या संदर्भात मूलगामी मानले जातात. राखेपासून बनवलेला निव्वळ जिओपॉलिमरचा गोळा ८०० अंशांपर्यंत तापवून थंड केल्यावर त्याची ताकद सुमारे ५३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. जाहिरातीला एवढा आकडा पुरेसा आहे. परंतु त्याच बंधकात खडी मिसळून बनवलेल्या नमुन्यांची ताकद तितक्याच उष्णतेनंतर ६५ टक्क्यांपर्यंत घटली. कारण बंधक तापल्यावर आक्रसते, तर खडी फुगते. दोघांच्या या ओढाताणीत मधला सांधा तुटतो. घर गोळ्याचे बांधले जात नाही, ते खडीच्या काँक्रीटचे बांधले जाते. म्हणून दुसरा आकडा हाच आपल्या कामाचा.

आणखी एक बाब सामान्य वाचकापर्यंत सहसा पोहोचत नाही. बहुतेक चाचण्यांत नमुना तापवतात, थंड करतात आणि मग दाबून पाहतात. साध्या सिमेंटसाठी ही पद्धत कठोर आहे, कारण त्याचे नुकसान थंड होताना अधिक वाढते. सोडियमयुक्त जिओपॉलिमर मात्र काचेसारखे वागते. एका मर्यादेपलीकडे ते तप्त असताना मऊ पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होते. परिणामी थंड नमुन्याचा अहवाल उत्तम येतो; आग धगधगत असताना, वरच्या मजल्याचा भार डोक्यावर असताना काय झाले असते, ते त्या अहवालात उमटत नाही. म्हणून कोणत्याही 'अग्निरोधक' दाव्यासमोर पहिला प्रश्न असा हवा, की मोजमाप तापलेले असताना घेतले की निवल्यावर?

लंडनच्या शाळांचा धडा

उष्णतेला खऱ्या अर्थाने पुरून उरणारे एक जुने बंधक आहे ते उच्च-अॅल्युमिना सिमेंट. फ्रान्समध्ये १९०८ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले. योग्य खडीसोबत ते हजार अंशांच्या कितीतरी वर टिकते आणि पोलाद, काच, सिमेंट अशा उद्योगांच्या भट्ट्यांचे अस्तर आजही त्याचेच असते. ते एका दिवसात घट्ट होते, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ते इमारतींच्या तयार तुळयांतही वापरले गेले. १९७३ आणि १९७४ मध्ये लंडनमधील दोन शाळांची छते कोसळली. चौकशीत आढळले, की उबदार आणि दमट हवेत या सिमेंटचे स्फटिक काही वर्षांत रूप बदलतात, आत पोकळ्या पडतात आणि ताकद घटते.

भट्टीत टिकणारे सिमेंट पोहण्याच्या तलावावरील ऊबदार छतात हरले. ब्रिटनच्या हवेत जे काही वर्षांनी घडले, ते मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फार लवकर घडेल. पदार्थाचे गुण परिस्थितीसापेक्ष असतात. एका परीक्षेतील प्रथम क्रमांक दुसऱ्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याची हमी देत नाही, हा त्या घटनेचा धडा आहे. आजच्या नव्या बंधकांनाही तो तंतोतंत लागू पडतो.

सुरखी ते एलसी३

यातील सारेच आपल्याला परके आहे असे मात्र नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल चारशे वर्षे पाण्याचा मारा सोसत उभा आहे. तो पोर्टलँड सिमेंटचा जन्म होण्याच्या दोन शतके आधीचा. आपल्याकडे घाणीत मळलेल्या चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालण्याची प्रथा होती. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि पाण्यातही टिकणारा बंध तयार होतो. आजचे एलसी३ हे तत्त्वतः या सुरखीचेच शास्त्रशुद्ध रूप आहे. त्याच्या प्रचलित मिश्रणात निम्मे क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडी आणि पाच टक्के जिप्सम असते. माती ७०० ते ८५० अंशांनाच भाजावी लागते, त्यामुळे जळण व कार्बन दोन्ही वाचतात.

उष्णतेच्या दृष्टीने एलसी३ची जमा-खर्चाची बाजू राखमिश्रित सिमेंटसारखीच आहे, फक्त अधिक ठळक. मोकळा चुना फार कमी राहतो, ही जमा. छिद्रे अतिसूक्ष्म असल्यामुळे वाफ कोंडून ढलपे उडण्याची भीती जास्त आणि न मुरलेली चुनखडी ६०० अंशांनंतर विघटित होणार, हा खर्च. शिवाय त्यासाठी केओलिन जातीची माती लागते. धाराशिवची काळी माती प्रामुख्याने माँटमोरिलोनाइट गटातील, पाणी पिऊन फुगणारी आहे. ती या कामाला चालत नाही. 'आपल्या मातीचे सिमेंट' अशी घोषणा कोणी केली तर तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे.

उष्णता आणि वजन यांचा विचार आपल्या पूर्वजांनी किती खोलवर केला होता, याची साक्ष जिल्ह्यातील तेर येथे मिळते. प्राचीन तगर नगरीच्या या स्थळी पाण्यावर तरंगणाऱ्या विटा आढळल्या आहेत. मातीत मिसळलेला भुसा भट्टीत जळून गेला की विटेत असंख्य पोकळ्या राहतात. पोकळीतील हवा उष्णता अडवते. आजच्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंती आगीत चांगल्या टिकतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

धाराशिवपुढील प्रश्न

जिल्ह्याच्या संदर्भात चार गोष्टी स्पष्टपणे मांडाव्या लागतील.

पहिली गोष्ट खडीची. येथील खडी दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची आहे. बेसॉल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसते, त्यामुळे ५७३ अंशांना फुगण्याचा धोका टळतो, आणि तापल्यावर तो गारगोटीच्या खडीपेक्षा कमी प्रसरण पावतो. आगीच्या दृष्टीने ही निसर्गाची देणगीच म्हटली पाहिजे. पण सगळा बेसॉल्ट सारखा नसतो. ज्या थरांत पांढऱ्या गाठी दिसतात, त्यांत पाणी धरून ठेवणारी झिओलाइट खनिजे असतात व ती तापल्यावर हे पाणी सोडतात. कोणत्या खाणीची खडी, हा प्रश्न म्हणूनच गौण नाही. परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात वेगळ्या खडीवर झालेल्या चाचणीचा आकडा येथे जसाच्या तसा लागू करणे अशास्त्रीय ठरेल.

दुसरी गोष्ट राखेची. सोलापूरजवळचे एनटीपीसीचे केंद्र आणि परळीचे औष्णिक केंद्र ही दोन्ही जिल्ह्याच्या आवाक्यात आहेत. केंद्र सरकारने १९९९ पासून राखेचा बांधकामात वापर बंधनकारक करीत नेला आणि ज्या अंतरात तो करायचा ते अंतर पुढे ३०० किलोमीटरपर्यंत वाढवले. त्यामुळे राखेच्या विटा सर्वत्र आल्या. घराच्या भिंतीसाठी त्या योग्य आहेत. परंतु तांबडी वीट आणि राखेची वीट यांत उष्णतेच्या दृष्टीने मूलभूत फरक आहे. तांबडी वीट जन्मालाच भट्टीतून येते. राखेची वीट चुन्याने किंवा सिमेंटने बांधलेली असते, तिने आग पाहिलेली नसते. भूम-परंडा भागातील खव्याच्या भट्ट्या, गुऱ्हाळांची चुलवणे, बेकऱ्यांच्या भट्ट्या यांच्या आतल्या बाजूस केवळ स्वस्त म्हणून राखेची वीट आणि सिमेंटचा माल वापरला, तर काही महिन्यांत अस्तर ढासळणार. तेथे भट्टीची वीट आणि अग्निरोधक मातीचाच माल हवा.

तिसरी गोष्ट उसाच्या चिपाडाची. जिल्ह्यात साखर कारखाने आहेत आणि बॉयलरमध्ये जळलेल्या बगॅसच्या राखेत भरपूर सिलिका असते. चेन्नईच्या आयआयटीत या राखेवर बरेच काम झाले आहे. ती चाळून, दळून वापरली तर सिमेंटचा अंशतः पर्याय ठरते. अडचण एकसारखेपणाची आहे. जळण कमी झाले तर राखेत कोळसा उरतो, अतितापले तर सिलिका स्फटिक बनून निष्क्रिय होते, आणि हा माल गळीत हंगामापुरताच मिळतो. रोज बदलणाऱ्या मालातून आगीत खात्रीने टिकणारे काँक्रीट मिळणार नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कारागिरीची. जिओपॉलिमरसाठी लागणारे कॉस्टिक द्रावण हात भाजणारे, डोळे घालवणारे असते. राखेच्या जिओपॉलिमरला घट्ट होण्यासाठी बहुधा ६०-८० अंशांची ऊब द्यावी लागते. हे काम कारखान्यात, देखरेखीखाली होऊ शकते. वस्तीतल्या स्लॅबवर, उघड्या हाताने माल कालवणाऱ्या मजुरांकडून ते करून घेणे अन्यायाचे होईल. भारतीय मानकानेही ते कारखान्यात घडवलेल्या वस्तूंपुरतेच ठेवले आहे, ते उगाच नव्हे. साध्या सिमेंटचे कामही येथे नीट होते असे नाही. आगीत सळईला वाचवते ते दोन-चार सेंटीमीटरचे कव्हर, आणि सळईखाली नीट ठोकळे न ठेवल्याने स्लॅबच्या पोटात सळई उघडी दिसते, हे दृश्य अपवादात्मक नाही. उन्हाळ्यातील टंचाईत पाणी मारण्याचे दिवस कमी केले जातात आणि राखमिश्रित सिमेंटला तर मुरण्यासाठी पाण्याचे दिवस अधिक लागतात. बंधक कोणतेही असो, कव्हर नसेल तर आगीपुढे सारे सारखेच.

काय करता येईल

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ पासून आहे. त्याखाली वर्षातून दोनदा द्यावयाचे प्रमाणपत्र प्रामुख्याने अग्निशमन यंत्रणेच्या देखभालीचे असते. नळ्या, फवारे, जिने यांची तपासणी व्हायलाच हवी. पण भिंत आणि स्लॅब कशाचे आहेत, हे त्या कागदावर कोठेच येत नाही. काँक्रीटच्या नेहमीच्या चाचणीत २८ दिवसांची दाबशक्ती तपासतात. तीही सामान्य तापमानाला. दोन्ही कागद निर्दोष असूनही आगीत काय होईल हे अनुत्तरितच राहते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाने एखाद्या शासकीय इमारतीसाठी नवे बंधक स्वीकारण्यापूर्वी, त्या कामाच्याच खडीने बनवलेले ठोकळे २००, ४००, ६०० आणि ८०० अंशांना तापवून त्यांची ताकद तपासावी अशी अट निविदेत घालता येईल. भट्टी आणि दाबयंत्र एवढ्या साधनांवर ही चाचणी जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये किंवा तंत्रनिकेतने करू शकतात आणि विद्यार्थ्यांना त्यातून खरे काम मिळेल. मोजणी निवल्यावर लगेच आणि पुन्हा काही आठवड्यांनी, अशी दोनदा व्हावी, म्हणजे कळीच्या चुन्याचा छुपा परिणाम उघड होईल. भार सोसत असलेल्या तापलेल्या तुळईची, सळई-कव्हरसह चाचणी ही पुढची पायरी आहे. तिच्यासाठी रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत अग्निसंशोधनाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. रुग्णालय, शाळा, वसतिगृह अशा इमारतींपुरती तरी ती पायरी टाळू नये.

घर बांधणाऱ्या नागरिकानेही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. राखमिश्रित सिमेंटला घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्याला पाणी पुरेसे दिवस मारले पाहिजे. सळईचे कव्हर स्वतः उभे राहून तपासावे. 'फायरप्रूफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही मालाच्या बाबतीत चाचणी नुसत्या बंधकाची आहे की काँक्रीटची, किती तापमानाला व किती वेळ, आणि कोणत्या खडीने, हे विचारावे. उत्तर देता येत नसेल तर विशेषण कितीही मोठे असले तरी ते केवळ विशेषणच समजावे.

पर्यायी बंधकांना विरोध करणे हा यातला निष्कर्ष नव्हे. कार्बनचा हिशेब पाहता ती येणारच आहेत आणि उष्णतेच्या कसोटीवर त्यांतील अनेक साध्या सिमेंटपेक्षा सरस ठरण्याची शक्यताही आहे. प्रश्न एवढाच, की ते सरसपण येथील खडीवर, येथील उन्हात, येथील गवंड्याच्या हाताने सिद्ध झालेले असावे. १९९३ पूर्वी मातीतल्या दगडी भिंती शतकानुशतके उभ्या होत्या, म्हणून त्या सुरक्षित मानल्या गेल्या. त्यांची परीक्षा एका पहाटे झाली आणि तिची किंमत हजारो माणसांनी मोजली. नव्या सिमेंटची परीक्षा प्रयोगशाळेतील भट्टीत घेता येते. ती तेथे घेतली नाही, तर एखाद्या रात्री आगच ती घेईल.